आधी लाट दाखव

कोलकात्यात हाज्रा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीची आरती आटोपली आणि भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, यातला कोणता घेऊ?"

सर्फिंगचे दोन शॉर्टबोर्ड. दोन्ही सहा फुटांचे, दोन्हींना टोकदार नाक आणि तीन फिन. एकाचं शेपूट चौकोनी, दुसऱ्याचं गोल. एक २७.२ लिटरचा, दुसरा २७.९. फरक पाण्याच्या एका बाटलीएवढाही नाही, आणि पोरगा त्यावर महिनाभर जागतोय.

"दोन्ही नकोत," मी म्हणालो.

हे बोर्ड इतके सारखे दिसतात, त्याला कारण आहे. सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने एक आणि दोन फिनांच्या जमान्यात तिसरा फिन बसवला आणि १९८१ साली बेल्स बीचच्या अवाढव्य लाटांत त्याच बोर्डावर स्पर्धा जिंकली. पेटंट काही घेतलं नाही. मग सगळ्यांनीच तो आराखडा उचलला आणि तेव्हापासून कारागीर त्याच सांगाड्यात मिलिमीटरांनी फेरफार करत आलेत. ते फेरफार खोटे नाहीत. बोर्डाच्या तळाचा बाक, ज्याला रॉकर म्हणतात, जास्त असला की उभ्या, पोकळ लाटेत नाक पाण्यात रुतत नाही. सपाट, मंद लाटेवर तोच बाक पाणी ढकलत बसतो आणि बोर्ड अडतो. गोल शेपूट मोठ्या लाटेत पकड ठेवतं, चौकोनी शेपूट झटकन वळतं. पण हे कळायला पायाखालून हजारो लाटा जाव्या लागतात. भाच्याचे दोन वर्षांत मिळून वीस दिवस समुद्रात गेलेत.

लिटरचा हिशोब तर सरळ आहे. मुरलेला सर्फर वजनाच्या किलोमागे साधारण ०.३५ ते ०.४० लिटर धरतो. ७२ किलोच्या माणसाला २७ लिटर म्हणजे तो आकडा मुरलेल्याचा झाला. नवख्याने त्यावर पालथं पडून हात मारले तर बोर्ड अर्धा पाण्याखाली राहतो, वेग येत नाही आणि लाट खालून निघून जाते. उभं राहण्याची वेळच येत नाही. चाळीस लिटरच्या खाली उतरू नकोस, असं मी त्याला बजावलंय.

आणि लाट कुठली? बंगाली माणसाची सुट्टी म्हणजे दीपुदा: दिघा, पुरी, दार्जिलिंग. दिघ्याचा तळ इतका हळूहळू खोल होतो की लाट लांबूनच तळाला घासत येते आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत तिचा जीव गेलेला असतो. पुरीच्या लाटेला जोर आहे, पण ती बहुधा किनाऱ्याजवळ एकदम कोसळते. कोणार्कजवळ रामचंडीला कुशभद्रा नदी समुद्राला मिळते. २०१२ साली इंडिया सर्फ फेस्टिव्हल सुरू झाला तो तिथे. त्या पाण्यात काय चालतं ते तिथल्या पोरांना विचारावं.

"मग गंगेतला बान?" भाच्याने विचारलं. हुगळीत उधाणाच्या भरतीला पाण्याची भिंत नदीतून वर चढते, तो बान. घाटावर उभं राहून बघावा, अंगावर काटा येतो. पण तीही लांब, मंद लाट. असल्या नदीच्या लाटांवर लोक बहुधा लांब बोर्ड काढतात. शिवाय इथे मध्ये जेट्ट्या, नांगरलेल्या नावा आणि वाहून आलेले ओंडके. तिथे उतरायचं नाव काढू नकोस, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

मला राग येतो तो विकण्याच्या तऱ्हेचा. फोटो हवाईचा, लाट इंडोनेशियाची, गिऱ्हाईक बालीगंजचं. उंची विचारतात, वजन विचारतात. तुझा समुद्र कोणता, हे कुणी विचारत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर कोळ्यांची नाव दोराने शिवलेली असायची, कारण फुटत्या लाटेचा तडाखा बसला की शिवलेली फळी लवते, खिळ्यांची तडकते. आपल्या कोकणात होडीला तोलासाठी बाजूला उलांडी बांधली. दोघांनीही आधी आपलं पाणी पाहिलं आणि मग लाकडाला हात घातला.

भाच्याने दुर्गापूजेच्या सुट्टीचं पुरीचं तिकीट काढलंय. तिथे आठ फुटी फोमचा बोर्ड भाड्याने घेणार आहे. एका सकाळी दहा लाटांवर उभा राहिलास की फोन कर, म्हटलं. चौकोनी शेपूट की गोल, ते तेव्हा बघू.