दिसलं का?

शाळेच्या हजेरीपुस्तकात बाई पूर्ण आडनावानिशी सही करायच्या, पण वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत ते आडनाव कुणी वापरलं नाही. सगळ्यांच्या तोंडी त्या पेशीबाई. हे नाव पडायला थोडाफार मीही कारण आहे. बाबांची नागपूरहून मंत्रालयात बदली झाली आणि मी सातवीत, वर्ष अर्ध्यावर आलं असताना, मागच्या बाकावर येऊन बसलो. बाईंनी फळ्यावर ‘पेशी’ लिहिलं आणि विचारलं, “हा शब्द कुणी ऐकलाय?”

मी हात वर केला. “आमच्या आजोबांची दर महिन्याला असते. शेताच्या भांडणाची.”

विदर्भात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात, हे वांद्र्याच्या पोरांना काय ठाऊक! वर्ग खिदळला. बाई मात्र हसल्या नाहीत. “आजोबांची महिन्याला एक. तुझ्या अंगात या घटकेला लाखो कोटी आहेत, आणि एकीलाही पुढची तारीख मिळत नाही.”

विज्ञान शिकवणारी माणसं दोन प्रकारची. एक, तास संपला की विज्ञान वर्गात ठेवून घरी जाणारी. बाई दुसऱ्या प्रकारच्या. त्यांच्या सुती साड्यांच्या पदराला आयोडीनचे डाग, पर्समध्ये ड्रॉपर. शिक्षकखोलीच्या कपाटात त्यांनी पावाचा ओला तुकडा झाकून ठेवलेला असे. एकदा शिपाईमामांनी तो फेकून दिला, तर “माझं आठ दिवसांचं पीक गेलं हो!” म्हणून दिवसभर हळहळत होत्या. पीक म्हणजे बुरशी.

खेरवाडीच्या बाजारात त्या कांदा चवीसाठी घेत नसत. नखाने टोकरून “पापुद्रा अख्खा सुटतो का?” असं विचारत. भाजीवाला म्हणे, “बाई, भाजी करायचीय की पतंग?” घरी पाहुण्याला ताक द्यायच्या आणि तो पहिला घोट घेतो न घेतो तोच सांगायच्या, “प्या, प्या, सगळे जिवंत आहेत.” लॅक्टोबॅसिलायबद्दलचं हे कौतुक ऐकल्यावर पेला पुरा करणारा पाहुणा मी पाहिला नाही.

शिकवताना त्यांना वांद्रे सोडून कुठे जावं लागत नसे. पेशीच्या प्रद्रव्यपटलाला निवडक्षम का म्हणायचं? “चर्चगेटहून संध्याकाळी सुटणारी विरार फास्ट, बायकांचा डबा. वांद्र्याला उतरणारीला दार आत घेत नाही. घेतलीच, तर वांद्र्याला बाहेर सोडत नाही.” केंद्रक म्हणजे काय? “जिथून सगळे हुकूम सुटतात ती जागा.” वर्गातला एक म्हणाला, “म्हणजे मंत्रालय?” दुसरा म्हणाला, “बाई, माझे बाबा तिथेच आहेत. ते म्हणतात, तिथून कागद हलत नाही.” बाई शांतपणे म्हणाल्या, “म्हणूनच पेशीत केंद्रक ठेवलंय, मंत्रालय नाही.”

लेव्हेनहूक तर त्यांच्या बोलण्यात लिंकिंग रोडवर गाळा असल्यासारखा यायचा. डेल्फ्ट गावचा कापडवाला, ना पदवी ना लॅटिन. भिंगं घासून घासून त्याने तळ्याच्या पाण्यात जीव पाहिले, मग स्वतःच्या दातांवरचा मळ पाहिला. 1683 साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, की माझ्या एकट्याच्या तोंडात जेवढे जीव आहेत, तेवढी आमच्या देशात माणसं नाहीत. त्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्याशी कुणी तोंड उघडून बोललं नाही.

आणि मग तो दिवस आला. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, तो लोखंडी कपाटात, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. तास 35 मिनिटांचा, मुलं 52. आरसा खिडकीकडे वळवून उजेड पकडण्यात दहा मिनिटं गेली. उरलेल्यात माणशी अर्धं मिनिट. कांद्याचा पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब, वर कव्हर स्लिप. रांग पुढे सरकत होती.

“दिसलं का?”

“हो बाई.”

“दिसलं का?”

“हो बाई.”

माझी पाळी आली. एक डोळा मिटला. काळ्या, वाकड्या, थरथरणाऱ्या काठ्या दिसल्या. काय जिवंत पेशी होती! “हो बाई!” मी ओरडलोच.

दुसऱ्या दिवशी वह्या परत आल्या. बाराजणांनी विटांच्या भिंतीसारख्या सुबक पेशी काढल्या होत्या, त्यांना शून्य. “पुस्तकातलं चित्र पुस्तकात आहेच, ते मला कशाला दाखवता?” अर्ध्या वर्गाने जाड काळ्या कडेचे गोल काढले होते. “हा कव्हर स्लिपखाली अडकलेला हवेचा बुडबुडा. पण पाहिलात तरी. पाच.” मग माझी वही उघडली. “आणि नागपूरकर, तू स्वतःची पापणी काढलीस. केस न् केस बरोबर. सात.”

पापणीवर दहापैकी सात मार्क मिळवणारा माझ्याखेरीज कुणी असेल, असं वाटत नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला पूल ओलांडून पश्चिमेला नेलं. तलावाचं पाणी जॅमच्या बाटलीत भरून झाल्यावर गावठाणाच्या गल्लीत एका जुन्या दगडी क्रूसापाशी थांबवलं. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा वांद्र्याच्या गल्ल्यांतून असे क्रूस उभे राहिले. प्लेगचा जिवाणू येरसँने 1894 सालीच हाँगकाँगमध्ये भिंगाखाली पाहिला होता. 1897 च्या जानेवारीत हाफकिनने इथे मुंबईत त्यावरची लस आधी स्वतःला टोचून घेतली. “पण या गल्लीतल्या माणसांना तो कुणी दाखवलाच नव्हता,” बाई म्हणाल्या. “न दिसणाऱ्याशी माणूस करणार काय? दगड उभारतो, हात जोडतो.” क्रूसाला त्यांनीही हात जोडले. मग बाटली उजेडात धरून म्हणाल्या, “चला, हे गरम व्हायच्या आत बघू.”

परवा वसाहतीत गेलो होतो. उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलासाठी जुन्या इमारती रिकाम्या झाल्यात. दारं-खिडक्या काढून नेलेल्या, नुसत्या चौकोनी खोल्या ओळीने उरलेल्या. मी फोटो काढून बाईंना पाठवला. ऐंशी उलटलेल्या बाईंचा लगेच फोन.

“1665 साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात काय पाहिलं, सांग.”

“पेशी.”

“चूक. पेशींच्या भिंती. राहणारे केव्हाच गेले होते. तुझ्या फोटोत आहे तेच.” थोडं थांबून म्हणाल्या, “तिथे आता हायकोर्ट होणार म्हणतोस? म्हणजे आजोबा तुझे बरोबरच होते रे. पेशी असणारच तिथे. नीट बघ, आमची तिसऱ्या मजल्यावरची खोली. दिसलं का?”

“नाही बाई,” मी म्हटलं. “पापणी मध्ये येतेय.”