अंगाबरहुकूम

आरशासमोर उभे राहून आपण कोणत्या शतकात जन्माला यायला हवे होते याचा विचार करणारा मराठी मनुष्य बहुधा सतराव्या शतकाच्या अलीकडे येत नाही, आणि त्या शतकातही पाणक्या, मशालजी किंवा घोड्याचा मोतद्दार म्हणून तो स्वतःला कधी पाहत नाही. तो थेट सरदार असतो. बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत फेरफार, सातबारे आणि नकलांचे अर्ज यांच्या सहवासात घालवून पेणेस निवृत्त होऊन बसलेला मी या नियमाला अपवाद नव्हतो. आरशात मला जी भरदार छाती दिसे, ती वस्तुतः छाती नसून तिच्या दक्षिणेकडचा मुलूख वर सरकलेला आहे, हे सौभाग्यवतीचे मत मी पुराव्याअभावी फेटाळून लावले होते.

अशा मनःस्थितीत रोह्याहून भाच्याचा फोन आला. फाल्गुन वद्य तृतीयेच्या शिवजयंतीला उंबरखिंडीच्या लढाईचा देखावा उभा करायचा आहे, पोरे पुष्कळ आहेत, परंतु सरदाराला शोभेल असे वय आणि असा आकार कोणाजवळ नाही, असे त्याचे म्हणणे होते. ‘आकार’ हा शब्द मी ‘व्यक्तिमत्त्व’ या अर्थी घेतला. भाड्याने मिळणारे, चंदेरी कापडाचे आणि पाठीवर नाड्या बांधण्याचे चिलखत अंगावर घालणे हा इतिहासाचा उपमर्द होय, सबब अस्सल लोखंडी कड्यांचे चिलखत मी स्वहस्ते आणि अंगाबरहुकूम सिद्ध करीन, असे वचन मी त्याच आवेशात देऊन बसलो. भाचा काही क्षण स्तब्ध राहिला. तो आदराने स्तब्ध झाला आहे असे मी समजलो.

चिलखताची विद्या ऐकायला सोपी आहे. बोटाएवढ्या जाडीच्या सळईवर तार घट्ट गुंडाळायची, ते वेटोळे उभे कापायचे, म्हणजे सुट्या कड्या पडतात; मग प्रत्येक कडी चार शेजारणींत ओवून दोन पकडींनी तिचे तोंड मिटवायचे. जुने कारागीर एवढ्यावर थांबत नसत. ते कडीची टोके ठोकून चपटी करीत, त्यांना भोक पाडीत आणि त्यात मोहरीएवढी खिळी बसवीत, कारण नुसती मिटवलेली कडी भाल्याच्या टोकापुढे पुन्हा तोंड उघडते. हा संस्कार मी गाळला. माझ्यावर भाला उगारणाऱ्यांत भाचाच प्रमुख असणार होता आणि त्याच्या मातेचा धाक त्याला पुरेसा होता. दररोज दोनशे या प्रमाणात मी कड्या ओवीत गेलो आणि दप्तरी सवयीने त्यांची नोंद एका वहीत ठेवीत गेलो. अकरा हजारांवर आकडा गेला तेव्हा बिनबाह्यांचे, सव्वासहा किलो वजनाचे एक बंडीवजा चिलखत तयार झाले. बाह्यांचा विचार मी सोडून दिला, कारण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांनी तोपर्यंत बेमुदत संप पुकारला होता.

या काळात घराच्या गच्चीवर दोन कारखाने एकाच वेळी चालू होते. पेणेच्या घराची गच्ची माघापासून पापड, कुरड्या आणि मिरगुंडांच्या ताब्यात जाते, आणि कड्यांवरचे तेल सोड्याच्या पाण्याने धुऊन काढल्यावर त्या सुकवायला उन्हाची तीच एक जागा होती. “अहो, तुमचं सैन्य उचला, माझ्या मिरगुंडांना गंज चढेल,” अशी ताकीद मला रोज मिळे आणि मी ती रोज दुर्लक्षित करी. अखेर व्याही जेवायला आले असता त्यांच्या ताटातल्या मिरगुंडात चिलखताची कडी निघाली. ती त्यांनी काढून शांतपणे ताटाच्या कडेला ठेवली आणि “पायातल्या जोडव्याची तर नाही ना?” एवढेच विचारले. त्या दिवसापासून सुकवण्याची जागा मला न्हाणीघराच्या खिडकीत नेमून देण्यात आली.

शिरस्त्राणाच्या बाबतीत तर मी संशोधनच केले. ‘जिरेटोप’ या शब्दातील जिऱ्याचा फोडणीशी काडीचा संबंध नसून फारसीत ‘जिरह’ म्हणजे कड्यांचे चिलखत, आणि अशा कड्यांची जाळी मानेवर सोडलेला टोप तो जिरेटोप. दुकानात या नावाने जी मखमली, मोत्यांच्या तुऱ्याची वस्तू मिळते तिच्यात जिरह औषधालाही नसते. हे मी दुकानदाराला सांगितले. तो म्हणाला, “काका, मोती काढून देऊ का?”

येथे मला विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत बर्कले येथे 1966 साली काही मंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन पोशाख करून सामने खेळले, आणि त्यातून जुन्या काळच्या लढाया अंगात चिलखत घालून लढणाऱ्यांची एक मोठी संस्था उभी राहिली. त्यांची तलवार असते वेताची. सव्वा इंच जाडीच्या वेताच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून ते एकमेकांना मनसोक्त बडवतात, कारण वेत तुटला तरी लाकडासारखा अणकुचीदार टोके होऊन फाटत नाही, नुसता कुंच्यासारखा पिंजतो. हे वाचून मला हसू आले. वेत हे शस्त्र आहे हा शोध लावायला आम्हाला कॅलिफोर्नियात जाण्याची गरज कधीच पडली नव्हती. मी ज्या शाळेत शिकलो (तिचे नाव सांगत नाही, ती अद्याप चालू आहे) तेथे हे सामने प्रत्यही होत, फक्त एका पक्षाजवळ वेत असे आणि दुसऱ्या पक्षाजवळ पार्श्वभाग. साहजिकच चिलखताचे शास्त्रही आम्ही तेथेच विकसित केले. अंकगणिताची दोनशे पानी वही अर्ध्या चड्डीत मागून सरकवली की फटका मऊ लागे आणि आवाज होत नसे, पण बसताना तिची घडी पडून गुणाकार भागाकारात मिसळत. भूगोलाचा नकाशासंग्रह अधिक भक्कम. त्याचे पुठ्ठे जाड. केवळ नाद मोठा होई. आमच्यातल्या एका कल्पक मुलाने आईने पाहुण्यांसाठी बांधलेली पापडांची चवड कागदासकट वापरली. पहिल्याच फटक्याला असा कडकडाट झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले, आणि मग मधल्या सुटीत आम्ही त्या चिलखताचे तुकडे वाटून खाल्ले. मी स्वतः आशिया खंडावर अतोनात विसंबून असे. आज त्या नकाशाचे पान डोळ्यांसमोर आणले की सैबेरियाच्या प्रदेशात आडवे वळ दिसतात. हे आमचे कपट मास्तरांच्या कधी ध्यानात आले नाही, याचा मला पुष्कळ वर्षे अभिमान होता. पुढे स्वतःच्या मुलावर हात उगारण्याची पाळी आली तेव्हा एकाएकी उमगले, की मास्तर मारीत ते नेमके नकाशावरच. जेथे पुठ्ठा संपे तेथे त्यांचा वेत कधी उतरला नाही.

असो. चिलखत झाले, तलवार राहिली. ज्या लोहाराकडे आमच्या घरचे विळे-कोयते तीन पिढ्या घडले त्याच्याकडे मी चिलखत घेऊनच गेलो, म्हणजे कारागिराला कारागिराची ओळख पटावी. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरले.

“भाऊसाहेब, पाग विणलात काय? खाडीत जिताडा बरा लागतोय सध्या.”

मी त्याला चिलखत ही काय वस्तू आहे ते समजावून सांगितले. त्याने एका कडीत खिळ्याचे टोक घालून अंगठ्याने दाबले. कडी उघडली. त्याने काही न बोलता ती पकडीने मिटवून दिली. त्या मौनापेक्षा जिताडा परवडला असता.

त्याचा भाता जाऊन त्या जागी विजेचा पंखा आला आहे, परंतु ऐरण आजोबांची आहे. ट्रकचे मोडके कमानपट्टे हा त्याचा कच्चा माल, आणि मुंबई–गोवा महामार्गाच्या शेजाराने त्याला या मालाची ददात नाही. ददात आहे ती गिऱ्हाइकाची. खारीतली भाताची शेते एकामागून एक मातीच्या भरावाखाली गेली, राहिलेल्या शेतकऱ्याला तयार विळा बाजारात मिळतो. “कोयत्याला पाणी द्यायला महिन्यातनं दोन माणसं येतात,” तो म्हणाला, “आणि तलवारीला धार लावून मागायला आठवड्यातनं चार. पोरंच असतात. मिरवणुकीला पाहिजे म्हणतात. मिरवणुकीला धार कशाला लागते, भाऊसाहेब?” तो त्यांना परत पाठवतो. नऊ इंचांहून लांब पात्याविषयी कायदा काय म्हणतो ते मला पाठ आहे, पण कायदा ठाऊक नसूनही तो परत पाठवतो. चार दिवसांची भाकरी त्या एका धारेत आहे हे ठाऊक असूनही. त्याच पोरांच्या मोबाइलमध्ये अनवाणी, घोंगडी पांघरलेल्या मावळ्याचे चित्र असते. त्या मावळ्याच्या हातचा कोयता ज्याने केला, त्याच्या दारावरून मिरवणूक वाजत-गाजत निघून जाते आणि तो पत्र्याच्या दारातून पाहत उभा असतो. मला त्या क्षणी मनस्वी राग आला, आणि तो कोणाकोणावर आला याची मोजदाद करता करता त्या यादीत माझेही नाव येऊ लागले, म्हणून मी घाईने तलवारीचा विषय काढला. त्याने मला कमानपट्ट्याची एक बोथट तलवार करून दिली. तिने लोणीही कापले नसते. पैसे घेताना तो म्हणाला, “धार आली तर घेऊन या, घालवून देतो.”

सव्वासहा किलो लोखंड हातात वाहून नेण्यापेक्षा अंगात घालून नेणे सोपे, हे शास्त्र सर्व देशांच्या योद्ध्यांना ठाऊक आहे. शिवाय अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी चिलखत अंगरख्याच्या आत घातले होते, हा दाखला मनाशी होताच. म्हणून कापूस भरलेल्या बंडीवर चिलखत आणि त्यावर सैलसर सदरा असा मी पेण स्थानकावर रोह्याच्या गाडीत चढलो. तलवार चटईत गुंडाळली होती. कासू गेले, नागोठणे आले; समोर बसलेली भाजीवाली मावशी माझ्या ताठ बसण्याकडे कळवळून पाहत होती.

“कमरेचा पट्टा लावलाय काय, बाबा?”

पट्टा म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर कोपरापर्यंतच्या खोबळ्यातून निघालेले ते लवलवते पाते आले, ज्याला 2024 च्या शिवजयंतीला राज्यशस्त्राचा मान मिळाला. मी गंभीरपणे म्हणालो, “पट्टा नाही. चिलखत.”

“माझ्या पण मणक्यात ग्याप हाय,” मावशी म्हणाली. “डॉक्टरानं मला साधा दिलाय. तुमचा भारीतला दिसतो. कितीला पडला?” निडी स्थानक जाईपर्यंत आम्ही कंबरदुखीवर बोललो, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसातले ते सर्वांत सुखाचे संभाषण होते.

रोह्याला शस्त्रांचा मान नवा नाही. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. म्हणून मी सदरा काढून चिलखतानिशी मैदानात पाऊल ठेवले तेव्हा काहीतरी तशाच प्रकारची अपेक्षा मनात होती. भाच्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि हाक दिली, “मामा, तुम्ही इकडे. चिलखतवाले सगळे खानाकडे.”

मी त्याला बाजूला घेऊन काही गैरसमज तर नाही ना, असे विचारले. त्याने अदबीने माझेच शब्द मला परत केले. 1661 साली मोगल सरदार कारतलबखानाची फौज उंबरखिंडीच्या चिंचोळ्या वाटेत अडकली ती तोफा, सामानसुमान आणि अंगावरच्या लोखंडाच्या ओझ्यानिशी; वर झाडीत दबा धरून होते ते हलके, सडे, ज्यांच्या अंगावर बंडीपलीकडे काही नव्हते ते मावळे; चिलखत ही थोड्यांची चैन होती, हे सारे मीच त्याला गेल्या दिवाळीत फराळ करता करता तासभर सांगितले होते. भाचरे ऐकत नाहीत, अशी माझी जन्माची तक्रार. नेमके हेच याने ऐकून ठेवले होते!

तात्पर्य, अकरा हजार कड्या ओवून मी शरण जाण्याच्या लायकीचा झालो. पोवाडा संपेपर्यंत फाल्गुनाच्या उन्हात खिंडीत तहानेने व्याकूळ होऊन उभे राहायचे होते, आणि या भूमिकेला अभिनयाची गरज लागली नाही. लोखंड तापले, कापूस भिजला, छातीचे केस कड्यांत अडकले. खानाच्या फौजेतल्या रायबागनचे काम करणाऱ्या मुलीने शरणागतीचा सल्ला दिला तेव्हा मी तो इतक्या तत्परतेने स्वीकारला की खान मागे राहिला. तलवार जमिनीवर ठेवायला वाकलो, आणि उजव्या काखेत कडी उघडली. तिने शेजारणीला सोडले, तिने पुढचीला, आणि बघता बघता त्या बाजूची उसवण कमरेपर्यंत आली. रणभूमीवर कड्यांचा सडा पडला. प्रेक्षकांतली लहान मुले धावली आणि दहाही बोटांत कड्या घालून मिरवू लागली. टाळ्या पडल्या त्या कोणासाठी हे मी विचारले नाही.

शरण आलेल्यांची शस्त्रे मैदानाच्या मध्यभागी ढिगाने पडली होती. पोरे खाऊच्या टेंपोकडे पांगली. हे सामान कोणी कोणाकडून आणले होते आणि कोणाला परत जायचे होते, याची कोठेही नोंद नव्हती. हे पाहून माझ्या आत काहीतरी जागे झाले, जे आरशात कधी दिसले नव्हते. किल्ल्यावर हवालदार असे, सरनोबत असे, सबनीस असे आणि कोठाराचा हिशेब राखणारा कारखाननीसही असे. उंबरखिंडीत खानाने हत्यारे टाकली तेव्हा कोणीतरी उन्हात बसून ती मोजलीच असतील. मी भाच्याकडून कागद मागून घेतला आणि त्या ढिगाशेजारी मांडी घालून लिहिले: तलवारी लाकडी 22, भाले 14, ढाली 19, वेताचे दांडे 8, तलवार लोखंडी बिनधारेची 1, चिलखत उसवलेले 1, सरदार नादुरुस्त, नग 1. एक ढाल कमी भरत होती. ती टेंपोखाली सापडली. तिच्यावर एक मावळा झोपला होता.

चिलखत मी पुन्हा विणले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतीने त्यातला काखेजवळचा वीतभर चौरस तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि कात्रीने नव्हे, पकडीने, कडी कडी उघडून सोडवून घेतला. पकड कशी धरायची हे तिला कोणी शिकवले, कोण जाणे. दुधाचे पातेले खाली लागले की त्या तुकड्याने खरवड अशी निघते की भांड्याला चरा पडत नाही. परवा व्याही आले होते. त्यांना एक तुकडा हवा आहे. उरलेले चिलखत न्हाणीघराच्या खिडकीत टांगलेले आहे, आणि त्याची मागणी वाढेल असा रंग दिसतो.