प्राणिमुक्त वन बीएचकेच्या मालकांस

तीर्थस्वरूप घरमालक काका यांस,


कोथरूडमधला आपला फ्लॅट पाहिला. हवा छान, पाणी दोन वेळ, बाल्कनीत मान थोडी तिरकी केली की टेकडीसुद्धा दिसते. एजंटने आपल्या अटी दाराशीच म्हणून दाखवल्या: फॅमिलीच हवी, शाकाहारी हवी, भिंतीला खिळा नको, रात्री दहानंतर पाहुणे नकोत आणि पाळीव प्राणी अजिबात नकोत. पहिल्या चारांवर मी मान डोलावली. पाचवीवर माझ्या मांजरीचा विषय निघाला आणि आपण मला थेट जिना दाखवलात. घर आपलं, मर्जी आपली. हे पत्र तक्रारीचं नाही, कौतुकाचं आहे.

पहिलं कौतुक आपल्या नजरेचं. ‘या घरात कधी जनावर राहिलेलं नाही,’ असं आपण अभिमानाने सांगत होतात, तेव्हा डक्टमध्ये कबुतरं घुमत होती. एसीच्या बाहेरच्या युनिटवर त्यांनी इतका जाड थर दिला आहे की खाली लोखंड आहे की नाही, हे आता अंदाजानेच सांगावं लागेल. ट्यूबलाइटमागे पाल होती. सिंकखालचं दार उघडताच झुरळांची पांगापांग झाली. माळ्यावर उंदरांच्या लेंड्या. यांतल्या कोणाचंही पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं नाही, कोणी डिपॉझिट भरलेलं नाही, आणि शाकाहाराची अट तर पालीने आमच्यादेखत मोडली. या सगळ्यांना आपण आश्रय दिलात. नकार मिळाला तो फक्त उंदरांच्या बाबतीत काही करू शकेल अशा जिवाला.

मांजर भिंती ओरबाडते, असं आपण म्हणालात. न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीचे पोपडे मी पाहिले. ती ओल वरच्या मजल्यावरून झिरपते आहे आणि बरेच पावसाळे झिरपत असावी. शिवाय एजंटने मोकळेपणाने सांगितलं की भाडेकरू कोणीही असो, निघताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जातंच. म्हणजे माणूस भिंतीला टेकला नाही तरी रंगाचे पैसे आपल्याला मिळणार. मग मांजरीच्या नखांची भरपाई आपण आधीच वसूल करून ठेवली आहे. फुकट जातायत ती नखं.

काका, आपलं कायद्याचं ज्ञानही वाखाणण्यासारखं. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, रीतसर नोंदणी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणी न केल्यास शिक्षा घरमालकाला होते, हे आपल्याला पाठ. मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही तर कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई, हेही पाठ. करारात नळ किती, पंखे किती, गीझरची गॅरंटी कधी संपते, सगळं नोंदवलेलं. एवढा बारकाईचा कागद करणाऱ्याला मांजरीसाठी चार ओळी सुचू नयेत?

आपण सोसायटीकडे बोट दाखवलंत. सोसायटी प्राण्यांना परवानगी देत नाही म्हणे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: बहुमताने ठराव करून किंवा उपविधी बदलूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टमधूनही हाकलता येत नाही. आपल्या मालकीच्या फ्लॅटच्या करारात आपण अट घालणं ही गोष्ट वेगळी. ती जरूर घाला. पण स्वतःची नावड सेक्रेटरींच्या नावावर खपवू नका. त्यांना पार्किंगची भांडणं पुरेशी आहेत.

आपले चिरंजीव इंग्लंडात भाड्याच्या घरात राहतात. त्यांच्या बोक्याचे फोटो आपण मोबाइलवर मला कौतुकाने दाखवलेत, जिना दाखवण्याच्या पाचच मिनिटं आधी. तिकडे २०२५ मध्ये भाडेकरूंसाठी नवा कायदा झाला. भाडेकरूने प्राणी पाळण्याची लेखी परवानगी मागितली तर घरमालकाने साधारणपणे २८ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आणि नकार द्यायचा तर रास्त कारण सांगायचं. म्हणजे बोक्याला परदेशात जे मिळतं, ते इथल्या मांजरीला मिळायला तिला पासपोर्ट काढावा लागेल.

आता जरा उपरोध बाजूला ठेवते. आपली भीती पूर्ण खोटी नाही. मांजराच्या मुताचा वास लाकडी दारात मुरला की सहज जात नाही. दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवलेला कुत्रा शेजाऱ्यांचं डोकं उठवतो, आणि त्याला तसा बांधणारे भाडेकरू मीही पाहिले आहेत. पण सरसकट बंदीने हेच लोक सुटतात. बेफिकीर माणूस ‘प्राणी नाही’ असं सांगून सही करतो आणि एजंट आला की मांजर कपाटात कोंडतो. खरं सांगणाऱ्यावर दार बंद होतं. तिसरा प्रकार वाईट आहे: घर मिळेना म्हणून कुत्रा लांब नेऊन सोडून देणारा. जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला निष्कारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. भिंतीतल्या एका भोकाचे आपण पाचशे लावता, काका. जनावर टाकून देणं खिळा ठोकण्यापेक्षा स्वस्त आहे.

तेव्हा ती एक ओळ खोडून तिथे या अटी लिहा. रेबीजच्या लसीचा दाखला करारासोबत जोडायचा. नसबंदी झालेली हवी. कुत्रा असेल तर महापालिकेचा परवाना. घर सोडताना व्यावसायिक सफाईचा खर्च भाडेकरूचा. शेजाऱ्यांची लेखी तक्रार आली तर महिनाभरात उपाय, नाहीतर करार संपला. पहिले तीन महिने चाचणीचे. आणि डिपॉझिटमधून जे कापाल त्याचं बिल दाखवायचं. शेवटची अट आपल्यासाठी आहे.

या सगळ्यावर मी सही करायला तयार आहे. उंदरांसाठी वेगळा आकार लावणार नाही.

काकूंना नमस्कार. नाही म्हणायचं असेल तर मांजरीला एकदा भेटून मग म्हणा, एवढीच विनंती.

आपली,
एक होऊ घातलेली भाडेकरू