कुडाची भिंत दरवर्षी कोण सारवणार?

कल्याण-नगर रस्त्यावर मुरबाड मागे पडले की टोकावडे येते आणि पुढे माळशेजचा घाट. जुलैत इथे ढग डोंगर उतरून भातखाचरांवर येतात, कड्यांवरून पाणी कोसळते आणि शहरातून आलेल्या माणसाच्या मनात एक बेत शिजू लागतो: इथे जागा घ्यावी, निसर्गोपचाराचे केंद्र काढावे. माती, बांबू, कारवी, दगड एवढ्यातच सगळे बांधायचे, सिमेंटचे नाव नको. बेत चांगलाच आहे, मला मनापासून पटतो. म्हणूनच आराखड्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टींबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

आधी भिंत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या जुन्या घरांचे कूड कारवीचे. कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते, एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळते. फुलोऱ्याआधी ती तोडली तर बी पडत नाही, म्हणजे त्या उतारावरची पुढची कारवी गेली. एका घरापुरत्या काठ्या डोंगर सहज देतो. वीस खोल्यांसाठी एकाच हंगामात ओरबाडल्या तर उतार उघडा पडतो आणि त्याची माती पहिल्या जोरदार पावसात खाली वाहून येते. तेव्हा बांधकामाचे वेळापत्रक कारवीच्या वेळापत्रकाला धरूनच हवे. बांबूचेही तसेच. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून त्यातला गोडवा काढला नाही, तर कीड वर्ष-दोन वर्षांत त्याची भुकटी करते.

काठ्या उभ्या बांधल्या की लिंपण. लाल माती, शेण आणि भाताचे तूस पाणी घालून पायांनी तुडवायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी हातांनी काठ्यांच्या फटींत दाबून बसवायचे. पहिला थर वाळताना तडकतोच. त्या भेगा दुसरा, पातळ थर बुजवतो. बोटांच्या अर्धगोल खुणा भिंतीवर तशाच राहतात. ही भिंत उन्हाळ्यात गार असते, पण पावसाळा सरला की ती पुन्हा लिंपावी लागते. जमीन तर चार-आठ दिवसांनी सारवावी लागते. आजवर हे काम घरच्या बाईने केले आणि त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. तुमच्या केंद्रात ते कोण करणार? त्याची मजुरी पहिल्या दिवसापासून, कायमची, जमाखर्चात धरा. ती परवडत नसेल तर मातीच्या वाटेला जाऊ नका. काँक्रीटचे खांब उभे करून वरून कारवी ठोकणे ही फसवणूक आहे.

याच भिंतीला सरकारदरबारी ‘कच्ची’ म्हणतात. 2011च्या सामाजिक-आर्थिक गणनेत कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेली एकच खोली ही वंचिततेची खूण धरली होती. गावातल्या माणसाला पक्के घरकुल हवे असते, आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण ज्या हाताने कूड बांधता येतो त्या हाताला वास्तुविशारदाच्या शेजारी बसवा आणि कारागीर म्हणून मोल द्या. त्याला खड्डे खणायला लावू नका. आणि पक्क्या विटा घेणार असाल तर त्या कुठून येतात तेही बघा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची शाळा त्या विटांमध्ये जाते.

न भाजलेल्या विटांचा मार्ग आहे आणि तो फार लांब नाही. वाड्याजवळ गालतरे येथे गोवर्धन इकोव्हिलेजमध्ये दाबून तयार केलेल्या मातीच्या विटांची बांधकामे उभी आहेत. सांडपाणी शुद्ध करायला तिथे आयआयटी मुंबईत विकसित झालेले, मातीतल्या जिवाणूंवर चालणारे तंत्र वापरतात. जाऊन बघण्यासारखे आहे.

स्नानगृहे मात्र मातीच्या खोल्यांपासून वेगळी, काळ्या दगडाची आणि चुन्याच्या गिलाव्याची करा. वाफ आणि कूड एका छपराखाली नांदत नाहीत.

आता पाणी, आणि खरी अडचण इथेच आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी 1892पासून मुंबईला जाते. भातसा तर मुंबईची जवळपास निम्मी तहान भागवते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातही काळा खडक पाणी धरत नाही. चार महिने धो धो पडलेला पाऊस नदीनाल्यांवाटे निघून जातो. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज 55 लिटर पाण्याचे आहे. दीडशे-दोनशे लिटरचा एक टब भरला की तीन माणसांचे दिवसभराचे पाणी संपले. बोअर मारून टब भरणारे केंद्र कितीही मातीचे असो, ते शाश्वत नाही. छपरावरचे पाणी टाक्यांत साठवा, त्यावर मे अखेरपर्यंत जेवढे पाहुणे निभतील तेवढेच घ्या, आणि टब काढून टाका. अंगाला तेल आणि बादलीभर ऊन पाणी यावर आपल्याकडची अभ्यंगाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत लोक आजही संगमरवराशिवाय समाधानाने न्हातात.

तेव्हा टोकावड्याला जागा बघायला जुलैत येऊ नका. मे महिन्यात या. जागेला लागून असलेल्या पाड्याची विहीर बघा, हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला पाणी कधीपर्यंत पुरते ते विचारा, आणि तिच्या उत्तरावरून खोल्या किती बांधायच्या ते ठरवा.