उन्हाळी टॉप : शिवणे व उसवणे

उन्हाळी टॉपचे कापड गुढीपाडव्याच्या सुमारास घेतात आणि टॉप मृगाच्या तोंडावर तयार होतो. मधले दोन-अडीच महिने म्हणजे शिवणकाम. त्यात मशीन चालते ते पाच-सहा तास. बाकीचा काळ कापड कपाटात घडी होऊन पडलेले असते. ही अवस्थाही कृतीचाच भाग मानावी, कारण ती आजवर कोणाला टळलेली नाही.

कापड सुतीच हवे. सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा हवेतून धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे पॉलिएस्टरच्या टॉपात घाम ज्याचा त्याच्यापाशीच राहतो. सुतीत मलमल, व्हॉइल आणि केंब्रिक असे पर्याय आहेत. दुकानदार ‘शंभर नंबरचे सूत’ म्हणतो तेव्हा 840 वारांच्या 100 लडी मिळून एक पौंड भरतो असा त्याचा अर्थ; नंबर वाढला की सूत बारीक. मलमल जितकी बारीक तितकी अंगाला गार आणि तितकीच आरपार. पैकी गारवा दुकानात हाताला लागतो, आरपारपणा घरी दारातल्या उजेडात दिसतो. मग अस्तर लावायचे ठरते. अस्तर लावलेल्या मलमलीत केंब्रिकइतकेच उकडते आणि कापडाचा खर्च जवळपास दुप्पट होतो. यावर उपाय म्हणून दुकानातच कापडाखाली तळहात धरावा. हातावरच्या रेषा मोजता आल्या तर ते कापड पडद्याला चांगले.

कापड बेतण्याआधी भिजवतात. मागावर उभे धागे ताणलेले असतात. पाण्यात तो ताण सुटतो आणि कापड आटते, आडव्यापेक्षा उभे अधिक. दीड मीटर कापड पाच टक्के आटले तर साडेसात सेंटीमीटर जातात. हे जाणे कात्रीच्या आधी झाले तर त्याला पूर्वतयारी म्हणतात. शिवलेला टॉप पहिल्या धुण्यात आटला तर तो धाकट्या बहिणीला होतो. भिजवणे विसरायला होत नाही, ते उद्यावर टाकले जाते. तेवढ्यात अक्षय्य तृतीया येते.

बेतण्यासाठी कापडाची चौपदरी घडी घालतात आणि छातीच्या घेराचा चौथा भाग घेतात. घेर 36 इंच असेल तर 9, त्यात अंगाला मोकळे राहावे म्हणून दीड इंच आणि शिवणीत दडवायला एक इंच, असे साडेअकरा. या शेवटच्या इंचाला शिंप्यांच्या भाषेत माया म्हणतात. वेदान्त माया सोडायला सांगतो आणि शिंपीही ‘माया सोडा’ असेच म्हणतो. पण शिंप्याचे सोडणे म्हणजे राखून ठेवणे, आणि नवशिकी व्यक्ती इथे वेदान्ताचे ऐकते. गळ्याबाबत नियम एकच आहे : तो वाढवता येतो, कमी करता येत नाही. पुढचा गळा सहा इंच आणि पाठीचा तीन इंच काढायचा असतो, पण चारही पदर एकदम कापल्याने पाठीलाही सहा इंच खोल गळा मिळतो. असा टॉप पुढे ‘मुद्दामच तसा केला’ या नावाने ओळखला जातो. बाह्या कापताना मुंढ्याचा पुढचा बाक मागच्यापेक्षा खोल असतो आणि दोन बाह्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्या लागतात. नसल्या तर दोन्ही उजव्या हाताच्या होतात.

एलियास हौ यांनी 1846 साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या शिवणयंत्रात सुईचे नेढे टोकाशी होते. वरचा दोरा कापडाखाली नेऊन तो खालच्या दोऱ्यात अडकवण्यासाठी ते तिथे लागते. घरच्या मशीनमध्ये आजही तीच युक्ती आहे. तिचा उपयोग खालचा दोरा संपला हे सहा इंच टीप मारून झाल्यावर कळण्यासाठीही होतो. मलमलीला 11 नंबरची सुई लागते. मशीनला बहुधा आधीच्या जाड कामाची 16 नंबरची बसवलेली असते. ती भोके पाडते आणि कापड सुईखालच्या पट्टीच्या भोकात ओढते. कापडाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून टीप मारली तर हे टळते, कागद मागाहून फाडून काढतात. तो कोरा असावा, वर्तमानपत्राचा नको. पांढऱ्या मलमलीवर कालच्या मथळ्याची शाई उतरते.

बारीक कापडाचे धागे सुटतात, म्हणून खांद्याला आणि मुंढ्याला फ्रेंच शिवण घालतात. तीत कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून पहिली टीप बाहेरून मारायची, मग कापड पालटून कडा आत झाकत दुसरी. पहिली टीप सुलट बाजूवर मारणे ही एरवीची सर्वांत प्रचलित चूक आहे. त्यामुळे या शिवणीचा पहिला निम्मा भाग पुष्कळांचा आपोआप होऊन गेलेला असतो. बाजूंना मात्र साधीच शिवण, कारण तिथे माया ठेवायची आहे. गळ्याची कड तिरकी असल्याने ओढली की लांबते. आधी तिच्यावर एक टीप मारून मग उरेब पट्टी लावावी. सरळ पट्टी लावली तर गळ्याला चुण्या पडतात. त्याही कालांतराने मुद्दाम केलेल्या ठरतात.

उसवण्याला स्वतंत्र वेळ राखून ठेवावा. दोन मिलिमीटरच्या टाक्याने एका मुंढ्यात सुमारे 200 टाके बसतात आणि बाही उलटी लागल्याचे नेहमी दोनशेव्या टाक्यानंतर लक्षात येते. दर चौथा-पाचवा टाका कापून मागचा दोरा ओढला की शिवण सरळ सुटते. ओढाताण करू नये. मलमलीत शिवणीपेक्षा कापड आधी फाटते.

टॉप पुरा होईतो पहिला वळीव होऊन गेलेला असतो. टॉप धुऊन, पुरता वाळवून, कांजी न करता ठेवावा, कारण कांजीला कसर लागते. पुढल्या पाडव्याला अंगात घालून पाहावा. घट्ट झालेला असल्यास बाजूंच्या शिवणी उसवाव्यात. प्रत्येक पदराची अर्धा इंच माया सोडली तरी घेर दोन इंचांनी वाढतो.