फळा बदलला, तास तोच

कुठल्याही शाळेचा प्रवेशाचा फ्लेक्स बघा. ‘डिजिटल क्लासरूम’ हे शब्द शाळेच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत असतात. संस्थाचालक पॅनेल बसवतात, पालक त्यापोटी जादा फी भरतात आणि त्या पॅनेलवर चालतात तयार व्हिडिओ. शेवटी पडद्यावर पाच प्रश्न येतात, जे पूर्वी बाई खडूने लिहून द्यायच्या. मुलं ते वहीत उतरवून घेतात. याला आधुनिक अध्यापन म्हणायला माझा सक्त विरोध आहे. घोकंपट्टी पंच्याहत्तर इंची झाली, एवढंच.

आता दुसरा तास बघा. वर्ग सातवी-आठवीचा. सामान म्हणजे मीटरभर लांबीची सरळ काठी, ओळंबा, खडू, टेप, कोनमापक आणि शिक्षकाच्या खिशातला फोन. तारीख 22 किंवा 23 सप्टेंबर, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असते ती. पटांगणात काठी रोवायची, ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघायचं आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची. सावली आखडत जाते, एका क्षणी सर्वात आखूड होते आणि मग पुन्हा लांबू लागते. ती सर्वात आखूड सावली मोजायची. कोल्हापूरच्या मुलांना ती 30 सेंटिमीटरच्या आसपास मिळते, नागपूरच्या मुलांना 39 च्या आसपास.

इथे फोन लागतो. कोल्हापूरची शाळा नागपूरच्या शाळेला आपला आकडा आणि फोटो पाठवते, तिकडून तिचा येतो. मुलं वहीत प्रमाणात काटकोन त्रिकोण काढतात आणि काठीपाशी, वरच्या टोकाला होणारा कोन मोजतात. कोल्हापूरचा निघतो सतरा अंशांच्या जरा आत, नागपूरचा एकवीसच्या जरा वर. फरक साधारण साडेचार अंश. मग नकाशावरून अंतर काढायचं. ते एसटीच्या रस्त्याचं नव्हे, सरळ दक्षिण-उत्तर तेवढंच. ते भरतं पाचशे किलोमीटरच्या आसपास. साडेचार अंशांना पाचशे, तर 360 अंशांना किती? साधं त्रैराशिक. उत्तर 40,000 किलोमीटर. हा पृथ्वीचा परीघ आहे, आणि तो काढला दोन काठ्यांनी.

सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सायिनी, म्हणजे आजचं आस्वान, आणि अलेक्झांड्रिया या दोन शहरांवरून हाच हिशेब मांडला होता. त्याच्याकडे फोन नव्हता. आपल्या मुलांकडे आहे, म्हणून दोन शहरांची सावली एकाच दिवशी, एकाच तासात ताडून बघता येते. शिवाय न मागता आणखी एक धडा पदरात पडतो. नागपूरची आखूड सावली कोल्हापूरच्या वीस मिनिटं आधी पडलेली असते आणि दोन्हीकडे घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. असं का? या ‘का’तून रेखावृत्त येतं, भारताची प्रमाणवेळ येते, मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त येतं. व्हिडिओत हे सगळं तीन मिनिटांत सांगून होतं आणि पाचव्या मिनिटाला विसरलं जातं.

एखाद्या शाळेचं उत्तर 36,000 येईल, एखादीचं 44,000. फार उत्तम. काठी कलली होती का, जमीन उताराची होती का, खूण उशिरा केली का, यावर मुलं भांडतील. ते भांडण म्हणजेच विज्ञानाचा तास.

वर्गातल्या कुठल्याही यंत्राला मी एकच प्रश्न विचारीन. तुझ्यामुळे या मुलांना असं काय करता आलं, जे तुझ्यावाचून करताच आलं नसतं? सावल्यांच्या तासात फोन या प्रश्नाला उत्तर देतो. भिंतीवरच्या बहुतेक पॅनेलांपाशी उत्तर नाही, कारण त्यांच्याकडून कोणी काही वेगळं मागितलेलंच नाही.

मागणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बक्षीस दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. लोकांच्या लक्षात राहिले ते डॉलर. लक्षात राहायला हवं होतं ते काम. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड, तो स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा पुन्हा बघता येतो. खेड्यातल्या एका शिक्षकाने आपल्या मुलांची अडचण बघून केलेली ही गोष्ट पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत गेली. मात्र वर जाताना तिचा अर्धा जीव खालीच राहिला. शिक्षकाने आपल्या वर्गासाठी स्वतः काही घडवावं, हा त्या कामाचा गाभा होता. छापील कोड गडचिरोलीच्या मुलालाही तिथेच नेतो, जिथे तो दादरच्या मुलाला नेतो. कोडाचा प्रसार झाला, घडवण्याच्या मोकळिकीचा झाला नाही.

आणि तंत्रज्ञान म्हणजे वीज लागणारी वस्तू, हा समज कोणी पसरवला? आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले आणि पुण्यात टेल्कोत नोकरी केलेले अरविंद गुप्ता आयुष्यभर टाकाऊतून खेळणी करत आले. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हजारो मुलांचे हात कामाला लावले, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक जुना खेळ कुठल्याही वर्गात आज करता येईल. सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. आगपेटीतल्या काड्यांचं गूल खरवडून त्या काड्या तुकड्यांत दोन्हीकडून खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस करून एका कोपऱ्याला बोट लावा, लगेच कलतो आणि समभुज चौकोन होतो. बाजू त्याच राहिल्या, कोन बदलले. आता त्यात तिरकी, जरा लांब काडी बसवा, चौरस ताठ उभा. रेल्वेच्या लोखंडी पुलात आणि विजेच्या मनोऱ्यात एवढे त्रिकोण का असतात, हे मग कोणी सांगावं लागत नाही. या खेळण्यांचे व्हिडिओ आणि पुस्तकं गुप्तांनी इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. व्हिडिओ हवा तो असा, बघून झाल्यावर मूल काड्या शोधायला उठेल असा.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, पानं, खडे, शिंपले आणले, तीही याच जातीची कामगिरी होती. आपली परंपरा इतकी सणसणीत असताना आपण कॅटलॉग बघून वर्ग सजवतो, याचा मला राग येतो.

मग शिक्षक असं काही करत का नाहीत? करतात, पुष्कळ जण करतात. पण त्यांच्या हातातला फोन कशात गुंतलाय ते बघा. ‘माहिती तात्काळ पाठवा’, ‘लिंक आजच भरा’, ‘उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाका’. यूडायस आणि सरल ही माहिती भरायची सरकारी पोर्टलं, पोषण आहाराचं ॲप, त्यात निवडणुकीची कामं. 2016 च्या अखेरीस तर आपल्या सरकारने आदेश काढला होता की दर सोमवारी मुलांचे दहा-दहाचे गट करून शिक्षकाने त्यांच्यासोबत सेल्फी काढावा आणि तो सरलवर चढवावा. कशासाठी, तर मुलांची गळती थांबावी म्हणून! शिक्षकांनी विरोध केला तो योग्यच होता. शिक्षणखात्याने आजवर तंत्रज्ञान सर्वात जोमाने वापरलं ते शिक्षकावर नजर ठेवायला. शिकवायला वापरायचं तर त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो, आणि तो कोणत्याही निविदेत मिळत नाही.

राज्य सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला तेव्हा गावोगाव लोकवर्गणी निघाली. मजुरी करणाऱ्यांनीसुद्धा शाळेच्या प्रोजेक्टरसाठी पैसे दिले. त्या माणसांना मी मनापासून मानतो. पण वर्गणीतून आलेल्या टीव्हीला वीज कोण देणार, याची तजवीज कोणी केली नाही. बिल थकलं म्हणून जिल्हा परिषद शाळेचा पुरवठा तोडल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. गावाने दिलेला टीव्ही आणि सरकारने न भरलेलं बिल एकाच खोलीत, ही शरमेची गोष्ट आहे.

आता नवी ओरड चॅटजीपीटीची. मुलं त्याच्याकडून निबंध लिहून आणतात म्हणे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला तर आणणारच. आधी गाईडातून आणत होती. ‘कालच्या पावसात तुमच्या गल्लीतलं पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, बघून या आणि नकाशासह लिहा’ असा विषय दिला तर यंत्राला त्या गल्लीचा पत्ताच नसतो. मुलाला छत्री घेऊन बाहेर पडावं लागतं. गटार कुठे तुंबलंय, कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढलं, शेजारच्या आजींनी वाळूची पोती कधी लावली, हे त्याला विचारत फिरावं लागतं. लिहिताना शब्द अडला तर खुशाल त्या यंत्राला विचारावा.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे माझी मागणी अगदी साधी आहे. पुढच्या पॅनेलची खरेदी करण्याआधी प्रत्येक शाळेचं वीजबिल भरा. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यातून दोन तास असे द्या, ज्यांचा फोटो कोणाला पाठवायचा नाही, ज्यांची लिंक भरायची नाही आणि ज्यात पाठ्यक्रम कितवर आला हे कोणी विचारणार नाही. आणि सावल्यांचा तास करू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी परवानगीच्या पत्राची वाट बघू नये. दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातली एखादी शाळा गाठा, आजच फोन लावा. सप्टेंबरात आभाळ भरून आलं तर मार्चची 20-21 तारीख हातात आहे. तेव्हा ऊन चुकत नाही, फक्त परीक्षेच्या वेळापत्रकात त्या दिवशी दुपारचा एक तास रिकामा ठेवा.