तीन घोड्यांचा स्पिंडल

माथेरानच्या बाजारात, चिक्की आणि चपला यांच्या मधल्या अडीच हाताच्या गाळ्यात आमचे शेठ बसतात. पुढ्यात लाकडी कीचेन आणि हातकाठ्या, हातात विजेवर तापणारी लेखणी. गिऱ्हाइकाने नाव सांगावं, दोन मिनिटांत ते लाकडावर उमटावं. जळक्या लाकडाचा वास फुकट. असं बरं चाललेलं असताना माणसाने गप्प बसावं की नाही? पण शेठ सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशिन, घेणार आहेत. गेली चार वर्षं घेणार आहेत.

ही 'घेणाऱ्यां'ची जातच वेगळी. ज्याने मशिन घेतलंय त्याला त्यातलं चालू-बंदचं बटण तेवढं ठाऊक असतं. घेणाऱ्याला बाकी सगळं. शेठच्या गल्ल्याखाली शंभर पानी वही आहे. तीत पहिलं मशिन '३०१८'. म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचा बेड, वीसेक हजारांच्या आगेमागे किंमत. कीचेनला ते भरपूर. पण शेठच्या डोळ्यांपुढे जुन्या पारशी बंगल्यांच्या सागवानी पाट्या! त्या एवढ्याशा बेडवर कशा मावायच्या? म्हणून '६०४०'. पण '६०४०' घ्यायचंच, तर चार बाय आठ फुटांची अख्खी प्लाय चढेल असं '१३२५' का नको? गाळा त्या मशिनहून लहान आहे, ही बाब वहीत नाही.

"सगळं बॅकलॅशवर असतं," शेठ मला समजावतात. "स्क्रू उलटा फिरताना नटमध्ये जरा ढिलाई असली, की गोल काढायला जावं तर अंडं येतं. म्हणून बॉलस्क्रू. पट्टा नको, ताणतो." मग आवाज खाली आणून, घरातलं आजारपण सांगावं तसं, "आणि ऐन जॉबमध्ये लाइट गेली तर? शून्य हरवतं! मशिनला कळतच नाही आपण कुठे आहोत." पावसाळ्यातल्या धुक्यात माथेरानला आलेल्या कुणालाही हे दुःख समजेल. त्याच पावसाळ्यात एमडीएफ पाणी पिऊन पुरीसारखा फुगतो, पण ते सांगून त्यांचा रविवार कशाला नासवावा?

एकदा पुण्याच्या एका विक्रेत्याने कोरणाऱ्या मोटरबद्दल फोनवर विचारलं, "स्पिंडल किती एचपीचा देऊ?" शेठने पलटून विचारलं, "दस्तुरीपासून वर आणायला किती घोडे लागतील?" पलीकडे शांतता. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की इथे गाडी दस्तुरीला थांबते आणि पुढे माल घोड्याच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर येतो? २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा आली, पण तिच्यात माणसं बसतात, लोखंडी गॅन्ट्री नाही. शेवटी हिशोब असा जमला: २.२ किलोवॅटचा स्पिंडल म्हणजे तीन एचपी, आणि तो सुट्या भागांसकट वर चढवायला घोडेही तीनच. शेठ हरखले. घोडेवाल्याला लगोलग पाचशे रुपये आगाऊ दिले. मशिन मात्र ठरलं नव्हतं.

अब्दुल हुसेन पीरभॉयने १९०४ ला काम काढलं आणि १९०७ ला नेरळहून २१ किलोमीटर रूळ घालून आगगाडी वर आणली. हे मी एकदा सहज बोललो. शेठ म्हणाले, "त्याला कंट्रोलर निवडायचा नव्हता."

परवा एक जोडपं कीचेनपाशी थांबलं. मुलगी म्हणाली, "शिल्पा लिहा, मराठीत." शेठना विषय मिळाला. "आता हेच बघा. स्वस्त सॉफ्टवेअरात मराठी टाकलं की ऱ्हस्व वेलांटी श सोडून पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि ल्प तर पार फुटतो. म्हणून आधी अक्षरांची रेघ करून घ्यायची, मगच जी-कोड..." बोलता बोलता हात चालूच होता. वेलांटी श वर, ल प ला बिलगलेला, शेवटच्या कान्याला बारीकसा झोका. मुलीने पैसे दिले. शेठने ते 'मशिन' असं लिहिलेल्या चिक्कीच्या डब्यात टाकले आणि मला म्हणाले, "फिनिश बघितलंत? हाताला असं येत नाही हो."

तेवढ्यात घोडेवाला आला. "शेठ, तुमच्या आगाऊवाला घोडा म्हातारा झाला. नवा घेतलाय, जरा बुटका आहे. चालेल ना?"

शेठ उठले, खुंटीवरची टेप घेतली आणि घोड्याची पाठ मोजायला बाहेर गेले.